थोडं वर

“मग पोर घसरली कशावरनं, हवेवरनं?” माझा मुलगा बायकोवर खेकसला.

“बाथरूम सकाळी मी स्वतः पुसलं होतं. ठणठणीत कोरडं होतं!”

“कोरडं होतं म्हणे! आई वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, फरशी ओली ठेवू नकोस म्हणून. आई, तूच सांग हिला.”

एरवी मी फाटक्या तोंडाची. भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत कुणाची भीड ठेवत नाही. पण त्या दुपारी, सोनोग्राफीच्या खोलीत, माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. कारण फरशी कोरडीच होती. नात बाथरूममध्ये गेलीच नव्हती. तिला मी ढकललं होतं.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना माझी कीव करायची तुम्हाला गरज पडणार नाही. मी शाळेची पायरी चढलेली नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून एकेक अक्षर जुळवत वाचायला शिकले, आणि त्याचा मला माज आहे. सकाळी मी मोठ्यानं वाचत बसले होते, तर भिंगरी माझी नक्कल करायला लागली. नात एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. ओळीवर बोट फिरवायचं, अडखळायचं, घसा खाकरायचा, हुबेहूब मी. हसत होती नुसती. पोरच ते. पण माझं डोकं फिरलं, हात गेला, आणि ती शिलाई मशीनच्या कोपऱ्यावर पोटावर आपटली. आईबाप धावत घरी आले तेव्हा तिनंच सांगून टाकलं, “बाथरूममध्ये घसरले.” माझ्याकडे न बघता. आणि कुणी पाण्याचा पेला पुढे करावा नि आपण घ्यावा, तसं ते खोटं मी मुकाट्यानं घेतलं. सुनेला मी इतके टोमणे मारून ठेवले होते की ते खपायलाही वेळ लागला नाही.

“तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजी थांबतील.”

दार लागलं. बाहेर रणरणतं ऊन, पण ह्या खोलीला खिडक्या असून नसल्यासारख्या, सगळ्या काळ्या कागदानं झाकलेल्या. यंत्राचा पंखा घरघरत होता. स्पिरिटचा वास येत होता, आणि त्याच्या खाली आणखी एक, गंजक्या नळाच्या पहिल्या पाण्याला येतो तसला. भिंगरीच्या खाटेपलीकडे हिरवा पडदा होता आणि पडद्यामागे दुसरी खाट.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर जेल लावलं. “आत रक्त सांडलं असेल तर इथे काळं दिसतं,” त्या मला म्हणाल्या. या लोकांचं कामच तसं, हात पोटावर आणि डोळे स्क्रीनवर. चेहऱ्याकडे बघायला फुरसत नसते.

“इथे दुखतं, बाळा? बोलून सांग.”

“थोडं वर...” बारीक आवाज आला. “डावीकडे... फासळ्यांच्या खाली.”

“शाब्बास! अशी सांगत जा.” त्यांचा हात वर सरकला.

मी भिंगरीच्या तोंडाकडेच बघत होते. तिचे ओठ मिटलेले होते, दातांत गच्च धरलेले. आणि ती पडद्याकडे बघत होती.

भुतंखेतं मी कधी मानली नाहीत. रिकामटेकड्यांना दिसतात भुतं, असं मी चारचौघांत म्हणायची. म्हणून मला वाटलं, असेल एखादं पोर पलीकडे.

“इथेही काळं नाही,” डॉक्टरीणबाई जेल पुसत म्हणाल्या. “पण लहान मुलांत पहिल्यांदा दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. रक्त सावकाश साठतं. नुसती फरशीवर घसरली असेल तर घरी न्या, नजर ठेवा. पण पोटाला एखादा कोपरा, दांडा असलं काही लागलं असेल, तर मी हिला सोडणार नाही. परत परत बघेन. आजी, तुम्ही घरात होतात. नक्की काय झालं?”

“नळ चालू होता,” मी म्हणाले. “मला ऐकूच आलं नाही.”

काय खणखणीत आवाज लागला होता माझा!

डॉक्टरीणबाई आईबापांशी बोलायला बाहेर गेल्या.

“आजी...” भिंगरी पुटपुटली. “खांदा दुखतोय.”

“खांदा? खांद्याला कुठे लागलंय तुला?”

“माहीत नाही... डावा.”

कपाळाला हात लावला तर गार, घामानं चिकट.

“माझा पण आधी खांदाच दुखला,” पडद्यामागून कुणी म्हणालं.

मी उठले.

“तुम्ही सांगणार ना...?” तोच आवाज, आता कुजबुजता. “माझ्या घरी कुणी सांगितलंच नाही...”

मी पडदा सर्रकन ओढला. खाट रिकामी होती. रेक्झिनवर सुरकुती नाही. फक्त उशीत एक लहानसा खळगा होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो सावकाश भरून आला, कुणी डोकं उचललं की भरतो तसा.

घाबरले नाही असं नाही. पण भीतीपेक्षा लाजेनं मी जास्त गार पडले. पोटच्या पोरानं, सुनेनं, शिकल्यासवरल्या डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं नव्हतं, आणि त्या खाटेवर जे कुणी होतं, त्यानं बरोब्बर ओळखलं होतं.

“आजी...” माझ्या पाठीमागून भिंगरी म्हणाली. “ती म्हणतेय, थोडी सरक... मला पण झोपू दे.”

“सरकू नकोस!” मी ओरडले. “अजिबात सरकू नकोस, कळलं?” आणि धावत जाऊन दार उघडलं.

बाहेर उजेडानं डोळे दिपले. मुलाच्या हातात गाडीची किल्ली होती. “नुसती घसरलीय ना? मग चला घरी. आणि तुझ्याकडे मी नंतर बघतो!” तो बायकोला म्हणत होता.

सून भिंतीला टेकून रडत होती. “राहिलं असेल... राहिलं असेल ओलं कुठेतरी,” ती म्हणाली. स्वतःच्या हातानं कोरडी केलेली फरशी तिला आता खरोखरच ओली आठवायला लागली होती.

मी त्या तिघांच्या मधे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “हिची फरशी कोरडीच होती, पोरीला मी ढकललं मशीनच्या कोपऱ्यावर, आणि डॉक्टरीणबाई, आत चला लवकर, मघाशी ‘थोडं वर’ म्हणाली ती माझी नात नव्हती.”