तळ्याची उंची

सेन्योर ओयागेंच्या शवपेटीला खांदा देणाऱ्या चौघांत लिसांद्रो वेरास्तेगीही होता. रडला मात्र नाही. वीस वर्षं त्याने या नामांकित भूगोलज्ञाचे नकाशे काढले, त्यांच्यामागून नद्या ओलांडल्या, हिवतापाने फणफणला. पण ग्रंथ निघाले ओयागेंच्या नावावर. लिसांद्रोचं नाव शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

आता शेवटचा खंड त्याला पुरा करायचा होता. वाराझ गावाच्या वरचं, बर्फाच्या कुशीतलं एक तळं तेवढं मोजायचं राहिलं होतं. तिथवर कुणीच गेलं नव्हतं. ओयागेंनी लांबूनच अंदाज बांधून त्याची उंची छापून टाकली होती. म्हातारा एकदा तरी चुकलेला निघू दे, एवढंच मनात घेऊन लिसांद्रो खेचरवाल्या तोरिबिओबरोबर निघाला.

वाटेवरच्या शेवटच्या झोपडीत बासिलिया म्हातारीने बटाट्याचा रस्सा पुढे ठेवला.

"तुमचे मोठे साहेब मघाशीच पिऊन वर गेले."

"कोण मोठे साहेब?"

"पांढऱ्या दाढीचे हो. म्हणाले, लिसांद्रो येतोय मागून. त्याला उशीरच होतो नेहमी."

तोरिबिओने छातीवर क्रूस काढला. "सेन्योर... आपण त्यांना पुरलंय ना?"

लिसांद्रोच्याही अंगावर काटा आला. पण भीतीच्या आधी संताप उसळला. मेल्यावरही पुढेच! रस्सा तसाच टाकून तो उठला. तोरिबिओ काही केल्या पुढे येईना, तेव्हा एकटाच चढू लागला.

भर दुपारी धुकं उतरलं. ओल्या लोकरीसारखा वास सुटला. बर्फ मात्र कोरं होतं. कुठे पाऊल नाही, काठीची खूण नाही. तळ्याच्या काळ्या पाण्याशी पोचल्यावर तो लहान मुलासारखा हसला. "मी पहिला!"

त्याने भांड्यात पाणी उकळायला ठेवलं. उंचावर पाणी लवकर उकळतं; त्यावरूनच उंची काढायची. तापमापकातला पारा थांबला. तो वाचायला वाकला, तोच पलीकडच्या काठावरून शांत, ओळखीचा आवाज आला...

"चार हजार सहाशे दहा मीटर."

लिसांद्रोने आकडेमोड केली. चार हजार सहाशे दहा. म्हाताऱ्याने छापलेला आकडा. अगदी तोच.

"माझं आहे हे तळं!" तो धुक्याकडे तोंड करून ओरडला. मग दात आवळून त्याने टिपणात चार हजार तीनशे लिहिलं. पलीकडे कुणीतरी पाण्यात पाऊल टाकल्याचा आवाज झाला. मग दुसरं... जरा अलीकडे.

सामान तिथेच टाकून तो पळत सुटला.

लिमाला परतल्यावर त्याने तोच खोटा आकडा छापायला दिला. पहिल्या पानावर या वेळी त्याचं एकट्याचं नाव होतं. ग्रंथ हातात आला तेव्हा त्याने आधी तळ्याचं पान उघडलं. चार हजार सहाशे दहा.

तो तणतणत छापखान्यात गेला. "माझा आकडा कुणी बदलला?"

"तुमच्याच माणसाने," छापखानेवाला चक्रावून म्हणाला. "पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. कमरेपर्यंत भिजलेले. मीच म्हटलं, एवढ्या कोरड्या गावात कुठे भिजलात? नुसते हसले. स्वतःच्या हाताने आकडा सुधारला आणि तुमच्या घराचा पत्ता विचारून गेले..."

त्याने लिसांद्रोच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"का? अजून पोचले नाहीत?"