जे गडावरून उतरले

"दात परत देशील ना?" झिंगूने विचारलं.

"देईन की. आधी तो काय सांगतो ते ऐकू," असं म्हणत डॉ. पर्णा डगळेने त्या चिमुरडीचा नुकताच पडलेला दुधाचा दात चिमट्यात धरून दंतवाचकाच्या खोबणीत ठेवला.

जेवणाच्या डब्याएवढ्या आकाराचं ते यंत्र आता घाटमाथ्यावरच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आलं होतं. दात वाढताना त्याच्यावर थरावर थर चढत जातात. त्या दिवसांत मुलाने काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, किती ताप सोसला, हे सगळं त्या थरांत राहून जातं. दंतवाचकाचा बारीक किरण थर न फोडता त्यांतून फिरायचा आणि पडद्यावर आडव्या रेघा उमटायच्या. पर्णा त्या रेघा पुस्तकासारख्या वाचायची.

एका जागी रेघा दाट होऊन काळवंडल्या होत्या. तिने झिंगूच्या आईकडे पाहिलं. "ही तान्ही असताना पावसाळ्यात तुम्हाला दूध कमी पडलं होतं का?"

आईने मान खाली घातली. "मलाच खायला नव्हतं, डॉक्टरबाई. कुणाला बोलले नव्हते मी."

पर्णाला हे नवीन नव्हतं. माणसं जे सांगत नाहीत ते दात सांगतात, हे तिला रोज दिसायचं. दात परत देऊन ती आईशी बोलू लागली, तेवढ्यात माथेगावाहून फोन आला. फोन तिच्या वडिलांचा, बुधाजी गुरुजींचा होता.

"पर्णे, यंत्र घेऊन गडावर ये. टाक्यात हाडं सापडली आहेत. लहान आहेत."

सोनजाईचा गड माथेगावाच्या डोक्यावर होता. अठराव्या शतकात सरकारने गडाची पिढीजात राखण कोळ्यांकडून काढून घेतली, तेव्हा लुमाजी नाईकाने बंड केलं. सरकारी फौजेने गडाला वेढा घातला. पुढचं सगळ्या तालुक्याला तोंडपाठ होतं. वेढा तुटेना, तेव्हा लुमाजी आणि त्याचे चाळीस गडी शरण न जाता कड्यावरून उड्या टाकून मेले, आणि हे घडलं ते एका फितुराने चोरवाट दाखवल्यामुळे. इंदुमती सरंजामे यांच्या कादंबरीत हे सगळं होतं. ती येऊन चाळीस वर्षं झाली होती. कड्यावर लुमाजीचा पुतळा उभा राहिला होता, चैत्र पौर्णिमेला जत्रा भरत होती आणि जत्रेच्या समितीचे अध्यक्ष बुधाजी गुरुजी होते. चाळीसांपैकी एक डगळे होता, असं ते अभिमानाने सांगत.

जत्रेआधी टाक्यातला गाळ काढायला माणसं लावली होती. गाळाच्या तळाशी, ओळीने निजवलेली सात लहान मुलं सापडली. प्रत्येकाच्या उशाला एकेक गोटा होता. तेव्हा कोरड्या पडलेल्या टाक्यात कुणीतरी फार मायेने त्यांना ठेवलं होतं.

पर्णाने पुरातत्त्व खात्याला कळवलं. त्यांची माणसं आल्यावर त्यांच्यासमोर तिने दात वाचले. प्रत्येक दाताच्या शेवटच्या थरांत तीच दाट काळी पट्टी होती. आधी धान्य संपलं होतं, मग नुसता पाला, मग तोही नाही. पाणी मात्र शेवटपर्यंत गडावरचंच होतं. माथ्यावरच्या जांभ्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्याची खूण खालच्या काळ्या कातळातल्या नदीच्या पाण्याहून वेगळी असते, आणि ती यंत्राला लगेच कळते.

"ही मुलं वेढ्यात उपाशी मेली, आबा," ती म्हणाली.

गुरुजी टाक्याच्या काठावर बसले. "कादंबरीत मुलं नाहीत," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले.

ही बातमी उतरेवाडीला पोहोचली. नदीकाठच्या त्या वस्तीला माथेगाव फितुराची वाडी म्हणे. तालुक्याहून गडावर येणारी वाट वाडीवरूनच जायची आणि वाटेवर वाडीच्या मूळपुरुषाची, उतऱ्याबाबाची समाधी होती; कादंबरीतला फितूर तो हाच, असं लोक मानत. समाधी म्हणजे दगडांचा मोठा ढीग. जत्रेला जाणारा प्रत्येक जण त्यावर एक दगड टाकून थुंकत पुढे जाई. उतरेवाडीचं माणूस जत्रेला गडावर चढत नसे.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई उतरे आरोग्य केंद्रात येऊन पर्णासमोर उभी राहिली. साठीची, काटक बाई. ती बसली नाही.

"पोरांचे दात वाचलेस ना? आता आमच्या बाबाचे वाच."

"समाधी उघडावी लागेल, मावशी. वाडीची हरकत नाही?"

"वाडीनेच धाडलंय मला. माझी सासू सांगायची, तिच्या लहानपणी माथेगावची माणसं पाया पडून त्या ढिगावर दगड ठेवायची. मग ते पुस्तक आलं. दगड तेच राहिले, वर थुंकी आली. फितूर असेल तर असू दे. पण एकदा खरं काय ते कळू दे. माझ्या नातवंडांना काय सांगू मी?"

पुरातत्त्व खात्याची परवानगी मिळाल्यावर वाडीतल्याच माणसांनी दगड बाजूला केले. खाली एका म्हाताऱ्या माणसाचा सांगाडा होता. खात्याचा तरुण अधिकारी ब्रशने माती झटकत हातापर्यंत आला आणि थांबला. डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून नव्हती. ती कापलेली होती, आणि जखम भरून हाड गुळगुळीत झालेलं होतं.

त्या मुलखात लहान मुलालाही गाणं येत होतं, आठ बोटांच्या लुमाजी नाईकाचं.

पर्णाने दात यंत्रात ठेवला. मोठ्या माणसाच्या दाताच्या मुळावर दरवर्षी एक थर चढतो, मरेपर्यंत. बालपणीच्या थरांत गडाचं पाणी होतं. तरुणपणीही तेच. मग ती दाट काळी पट्टी आली, मुलांच्या दातांत होती तशीच. आणि पट्टीनंतर रेघा संपल्या नव्हत्या. पुढे थरामागून थर होते, तीसेक वर्षांचे. त्यांत नदीचं पाणी होतं आणि नागलीची भाकरी होती.

तो मेला नव्हता. तो उतरला होता.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून जनुकांच्या तपासणीचा निकाल आठवड्याने आला. टाक्यातल्या सातांपैकी सगळ्यात धाकटी मुलगी त्याची होती.

त्याच दिवशी इंदुमतीबाई माथेगावात पोहोचल्या. जत्रेच्या प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांना आधीच बोलावलेलं होतं. पंच्याऐंशीच्या बाई काठी टेकत गुरुजींच्या ओसरीवर बसल्या. पर्णाने सगळं सांगितलं आणि पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. बाईंनी काळ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही.

"गाण्यात एवढंच होतं, 'नाईक उतरला'," त्या म्हणाल्या. "कुठून, कशासाठी, ते कुणाला येत नव्हतं. मी उडी लिहिली. कादंबरीला शेवट लागतो, मुली."

"आणि फितूर?"

"उडी घ्यायला कारण लागतं."

गुरुजी इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. त्यांचा आवाज चढला. "हे जत्रेत सांगायचं नाही. पर्णे, पुतळ्यासमोर पोरं शपथ घेतात. पोलिसभरतीला जाताना नाईकाच्या पाया पडतात. त्यांना सांगू, की तो शरण गेला? दोनशे-अडीचशे वर्षं आपल्याला चोर म्हणाले, दरोडेखोर म्हणाले. एवढी एकच गोष्ट होती आपल्याकडे ताठ मानेने सांगायला."

"मला कळतं, आबा."

"तुला नाही कळत! तुला यंत्र कळतं."

पर्णाने यंत्र बंद केलं. ती वडिलांच्या जवळ जाऊन उभी राहिली. "एकच विचारते. चाळीसही गडी कड्यावरून गेले. पोरं टाक्यात मेली. मग आपण कुठून आलो?"

गुरुजी खांबाशी खाली बसले.

"गडावर तेव्हा बायका होत्या, उरलेली पोरं होती. ती जगली म्हणून माथेगाव आहे. कुणीतरी दरवाजा उघडला म्हणूनच ती जगली. त्याने स्वतःची लेक टाक्यात निजवली आणि दुसऱ्यांची पोरं घेऊन खाली उतरला. पुढे तीस वर्षं तो नदीकाठी जगला, रोज समोर गड बघत. उडी मारणं सोपं होतं, आबा."

इंदुमतीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "माझ्यात हा शेवट लिहायची ताकद नव्हती."

गुरुजी त्या संध्याकाळी जेवले नाहीत. जत्रेच्या दिवशी सकाळी ते पांढरं धोतर नेसले, फेटा बांधला आणि गडाकडे जायच्या ऐवजी एकटेच नदीकडची वाट उतरू लागले. पर्णा थोडं अंतर ठेवून मागे गेली. वाटेत भेटलेल्यांनी विचारलं, "गुरुजी, गड वर आहे, खाली कुठे चाललात?" ते उतरतच राहिले.

हौसाबाई अंगण सारवत होती. गुरुजींना पाहून ती उठली, पण पुढे आली नाही. माथेगावचा मानकरी तिच्या अंगणात उभा राहण्याची ही पहिलीच वेळ होती. गुरुजींनी फेटा काढून हातात घेतला.

"हौसाबाई, वाडीला घेऊन वर चला. मान तुमचा आहे. पालखीला पहिला खांदा वाडीचा."

आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. दारात दोन नातवंडं आजीकडे बघत होती. हौसाबाईने शेणाचे हात पाण्यात बुडवून पदराला पुसले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज करडा होता.

"येऊ की. एवढ्या वर्षांनी बोलावलंत, नाही कशाला म्हणू? पण गुरुजी, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. वर गेल्यावर ही पोरं मला विचारणार, तेवढं सांगून ठेवा." तिने नातवंडांच्या डोक्यांवर ओले हात ठेवले. "आमचा बाबा त्या दिवशी हरला म्हणायचं, का जिंकला?"