बापूला गोळी लागत नाही

“आज तुझ्या त्या नाचऱ्या लिओ मार्चंडचा कायमचा निकाल लावतो,” कपाळाला पट्टी बांधत श्रीपाद आराध्ये म्हणाला. “यंत्र थापा मारत नाही, बापू. ग्रॅहम व्हेलच खरा नट, हे कबूल करूनच तुला गाडीत बसावं लागणार.”

बापू मगदूमने घड्याळ बघितलं. सातच्या गाडीने तो मुलाकडे बंगळूरला चालला होता, कायमचा. मुलगा सामान घेऊन पुढे स्टेशनवर गेला होता. सांगलीच्या कॉलेजात असल्यापासून दोघं जुन्या हॉलिवुडच्या नटांवरून भांडत आले होते, आणि हे भांडण जिंकल्याशिवाय श्रीपाद त्याला सोडणार नव्हता.

मनपडदा नावाचं हे यंत्र त्यांच्या मैत्रिणीचं, कुमुदिनीचं; घरही तिचंच. मेंदूत रक्त कुठे धावतंय ते पट्टी टिपते आणि टीव्हीला कळवते. टीव्ही मग सिनेमातल्या हिरोला काढून तिथे तुमचा आवडता माणूस बसवतो. तोंडाने सांगितलेला नव्हे, आतून आवडणारा. एखादा प्रसंग नावडला तर तोही बदलून देतो.

वशिला नको म्हणून सिनेमा मुद्दाम तिसऱ्याच नटाचा लावला. धुक्यातलं बंदर, ओव्हरकोट, तिरकी हॅट. हिरोने सिगारेट पेटवली आणि तो वळला.

बापू.

बापूचेच कान, बापूचंच नाक, चष्म्याची तीच काळी फ्रेम. हे शहर सडलंय, असं तो नायिकेला इंग्रजीत सुनावत होता.

“बिघडलंय,” श्रीपाद म्हणाला.

पट्टी सैल करून बघितली. उलटी बांधून बघितली, तेव्हा बापूला मिशा आल्या. बाकी फरक नाही.

“म्हणजे इतकी वर्षं तू भांडत होतास ते नक्की कुणासाठी?” बापूने विचारलं.

“गप बस. कुमुद, कंपनीला फोन लाव.”

“लावलाय. तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे म्हणतायत.”

बापू मात्र खुशीत आला होता. “काम बरं करतोय रे मी. चाल बघ.”

“पोक काढून चालतोयस. व्हेल असता तर...”

“व्हेल आलाय का तुझ्या डोक्यात? नाही ना? मग.”

सिनेमा शेवटाकडे आला तसा श्रीपाद चुळबुळायला लागला. “बंद कर ते. शेवट भिकार आहे.”

“काय होतं शेवटी?”

“धक्क्यावर गोळी घालतात हिरोला,” कुमुदिनीने सांगून टाकलं.

गुंडाने पिस्तूल रोखलं. ते अडकलं. दुसरा छपरावरून नेम धरत होता, तो घसरून पाण्यात पडला. तिसऱ्याने गोळी झाडली ती दिव्याला लागली. चौथ्याने बापूची माफी मागितली आणि घरी गेला.

“अरे, मरू दे मला,” खुर्चीतला बापू म्हणाला. “गाडी आहे माझी.”

“मग ऊठ ना.”

“उठू कसा? शेवटची पाटी पडल्याशिवाय हलायचं नाही, हा नियम कुणाचा?”

मॅटिनीच्या दिवसांपासून तिघांनी तो पाळला होता. एकदा थिएटरच्या पडद्यामागे आग लागली होती, तरी पाळला होता.

“श्रीपाद, पट्टी काढ,” कुमुदिनी म्हणाली.

श्रीपादने दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरली. “मधेच काढली तर मेंदूला इजा होते. माहितीपत्रकात लिहिलंय.”

“असं कुठेही लिहिलेलं नाही.”

“बारीक अक्षरात आहे.”

पडद्यावर बोटीचा भोंगा वाजला. सिनेमात नसलेली बोट हिरोला न घेताच सुटली. बापूने हॅट नीट केली, धक्क्यावरच्या खानावळीत शिरला आणि ऑम्लेट मागवलं.

“आता हा जेवणार,” कुमुदिनी वैतागून म्हणाली. “श्रीपाद, खरं सांग. हा सिनेमा संपायला हवाय का तुला?”

श्रीपाद पडद्याकडे बघत राहिला. बापूने पाय वर घेतले आणि मांडी घालून बसला.

सातची गाडी वेळेवर सुटली. वडील पुढच्या डब्यात चढले असतील असं समजून बापूचा मुलगा सगळ्या सामानासकट बंगळूरला गेला.