सिस्टरचा खोडरबर

“खोडरबर संपला असेल तर माझा घ्या, पण टेबल तेवढं हलवू नका.”

सिस्टरने मान वर केली. अभ्यासिकेत समोर बसलेल्या तरुणाची पेन्सिल घसरून त्याच्या कागदावर आडवी रेघ उमटली होती, आणि दोष सरळसरळ तिच्या खोडण्याचा होता. ती ओशाळली. दवाखान्यात भल्याभल्यांना ‘हात सैल सोडा’ म्हणून दटावणारी ही मुलगी सराव पेपरला बसली की खोडून खोडून कागदाचा जीव घ्यायची.

तो जवळच्याच प्रयोगशाळेत रक्त तपासायचा, म्हणून अभ्यासिकेत सगळे त्याला ‘लॅबवाले’ म्हणत. दोघंही आरोग्य खात्याच्या एकाच भरती परीक्षेला बसणार होते. फरक एवढाच, की त्याच्या हातात अजून वर्षं होती. तिची मात्र ही शेवटची खेप. वय उलटलं की अर्जच घेत नाहीत, आणि ती याआधी दोनदा काठावरून परतली होती.

त्याने तिचा पेपर उजेडासमोर धरला. उत्तरांच्या खोडलेल्या गोलांच्या खुणा अजून दिसत होत्या.

“सिस्टर, हे तुम्ही आधी बरोबर केलं होतं. हेही… हेसुद्धा. डोकं नीट सांगतंय तुम्हाला, तुमचाच त्याच्यावर विश्वास नाही.”

“अस्सं? तुमचा बघू.” तिने त्याचा कागद ओढला. बरेचसे गोल कोरेच होते.

“चुकलं तर गुण कापतात,” तो पुटपुटला.

“अहो, चारांतले दोन पर्याय तुम्हीच फुल्या मारून बाद केलेत. उरलेल्या दोघांत एकाला तरी हो म्हणा की.”

“खात्री नसताना?”

“खात्रीची वाट बघत बसलात तर म्हातारे व्हाल, लॅबवाले.”

तो हसला. हसताना त्याचे कान लाल होतात हे तिच्या लक्षात आलं, आणि उगाचच लक्षात राहिलं.

मग दर रविवारची रीतच पडली. घड्याळ लावून पेपर सोडवायचा, सोपे प्रश्न आधी, अवघड मागून. तिचा खोडरबर त्याच्या ताब्यात. आणि दोन पर्याय बाद करूनही त्याने गोल कोरा ठेवला, तर त्या दिवशीचा चहा त्याच्याकडून. हा मुद्दाम कोरे ठेवतो की काय, अशी शंका तिला येऊ लागली होती. पण तिने विचारलं नाही… विचारून ते संपवायचं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी फाटकापाशी त्याने हात पुढे केला. तिने निमूटपणे खोडरबर दिला. तो त्याने आपल्या पिशवीत टाकला, आणि पिशव्या वर्गाबाहेरच राहिल्या.

पेपर छान चालला होता. वीसेक मिनिटं उरली असताना तिला आपली चूक दिसली. मधला एक अवघड प्रश्न तिने मागून सोडवायला ठेवला होता, पण उत्तरपत्रिकेवर त्याची ओळ रिकामी ठेवायला ती विसरली होती. पुढचं प्रत्येक उत्तर एक घर वर चढलं होतं. उत्तरं बरोबर होती, जागा चुकल्या होत्या, आणि खोडायला हाताशी काही नव्हतं. ती बोटानेच गोल पुसून बघू लागली.

ते बघून पलीकडच्या रांगेतून तो स्वतःचा खोडरबर घेऊन उभा राहिला.

“मॅडम, त्यांना हा खोडरबर द्याल का?”

“इकडची वस्तू तिकडे चालत नाही,” पर्यवेक्षक बाई म्हणाल्या.

“तपासून द्या. मला परत नको.”

बाईंनी खोडरबर उलटसुलट करून पाहिला, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या बाकावर ठेवला. घंटा झाली तेव्हा तिचा शेवटचा गोल नुकताच भरून झाला होता.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, “तुम्हाला लागला नाही?”

“लागला असता. शेवटी हिंमत गळाली. अंदाजाने भरलेलं सगळं खोडून टाकावंसं वाटत होतं.”

“मग… परत मागायचा ना!”

“तुमची शेवटची खेप होती, सिस्टर. माझी नाही.”

तिने घाईघाईने तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते. हा माणूस तिला हवा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला दुसरा विचार सुचत नव्हता.

निकालात तिचं नाव होतं, पण नेमणूक लांबच्या गावी. तो थोडक्यात हुकला होता. ती प्रयोगशाळेत गेली तेव्हा तो नळ्यांवर चिठ्ठ्या डकवत होता.

“अभिनंदन,” तो म्हणाला, पण वर बघेना. “माझे अंदाज बहुतेक बरोबर आले बरं का. खात्रीची उत्तरं होती तीच चुकली.”

“पुढच्या वर्षी होईल. मी दर रविवारी येईन तयारी करून घ्यायला.”

“इतक्या लांबून? कशाला उगाच—”

“नवऱ्याला पास करायचं म्हटल्यावर यायला नको?”

त्याच्या हातातली चिठ्ठी भलत्याच नळीला चिकटली. कान लालबुंद झाले.

“घरी… तुमच्या आईला…”

“आईला सांगून आलेय. तिला तुम्ही पसंत आहात. आता तुम्ही सांगा. विचार करायला हवा असेल तर वेळ—”

“हो,” तो म्हणाला. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच.