मला दातिवऱ्याला न्या

ही माझ्या आजीची हकीकत. मी स्वतः तिथे होते. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय, तारापूरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

गेल्या वर्षीची, नारळी पौर्णिमेनंतरची दुपार. बोईसरचं एक खासगी हॉस्पिटल.

गोदूआजी व्हेंटिलेटरवर होती.

तिला ते नको होतं! धडधाकट असतानाच तिने पालघरला वकिलाकडे मृत्युपत्र केलं होतं. सोबत उपचारांबद्दलचं इच्छापत्रही. बरी होणार नसेन तर नळ्या घालू नका. मला दातिवऱ्याला, माझ्या घरी न्या.

जन्मभर मासळी साफ करून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. सहीऐवजी दिलेला ठसा कागदावर पुसटच उठला.

"माजा अंगठा बोंबलांनी खाल्ला," म्हणून हसली होती.

धर्मेशमामाने नेमकं तेच धरलं.

"हा अंगठा हाय का डाग? आईला मारली म्हणून गाव माज्या तोंडात शेण घालंल!"

"मामा, गावाचं नको, तिचं ऐक."

"तू गप. चार बुकं शिकलीस म्हणून..."

डॉक्टर म्हणाले, आधी घरच्यांचं एकमत करा.

तेवढ्यात फोन वाजला. दातिवऱ्याची आमची शेजारीण, तानीमावशी.

"काय गो दिशा, म्हातारीला घरी आणलीत नि आमाला सांगितलं पण नाय?"

मी काचेतून पाहिलं. आजी समोरच होती. छाती वर... खाली...

"मावशी, आजी इथे आहे."

"मस्करी नको करू. ओटीवर बसली हाय. पेज मागते. थांब, देते तिला."

वाटीचा आवाज आला. मग खोकला...

आजीचाच.

मी स्पीकर लावला. मामाला दरदरून घाम फुटला.

"आता तरी सही कर, मामा. नळी काढू दे."

त्याने फोन हिसकावून बंद केला.

सही केली नाही.

थोड्या वेळाने तानीमावशीचा पुन्हा फोन. ती रडत होती.

"पेज प्यायली गो. दर्याकडे तोंड करून निजली. हलवलं तर श्वासच नाय... माणसं बोलवून आणते तर ओटी रिकामी!"

इथे मशीन चालूच होतं. ठोके नियमित.

संध्याकाळी मला आत सोडलं. मी हाक मारली. आजीचे डोळे उघडले...

त्या डोळ्यांनी मला ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला मृत घोषित केलं.

मामा अजून सगळ्यांना सांगतो, "शेवटपर्यंत सोडली नाय आईला." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि लगेच हात गार पडतात.

आजीने तर आदल्या दुपारीच घरी जाऊन प्राण सोडला होता.

मग त्या खाटेवर, तिच्या डोळ्यांतून, माझ्याकडे पाहिलं कोणी?