फेल्टच्या एकेचाळीस पट्ट्या

बार्शीच्या रस्त्यांवरून आता विजेवरच्या मोटारी आवाज न करता जात. बाहेर इतकी शांतता झाल्यावर गाडीच्या आतली बारीकशी टकटकही माणसाला खुपू लागते. मल्लिकार्जुन हत्तुरे यांच्या गाडीत तर टकटक होती, करकर होती आणि कुठेतरी एक किणकिण होती. गेले दोन महिने ते पोर्चमध्ये गुडघे टेकून त्यांच्या मागे लागले होते.

हत्तुरे सरांनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. त्यामुळे कामाची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक भागावर बोटाच्या पेराने ठोकायचं आणि कान लावायचा. सैल वाटला तर खाली फेल्टची पट्टी चिकटवायची आणि वहीत नोंद करायची. पट्टी क्रमांक तेवीस, सीट-बेल्टच्या बकलमागचं झाकण. पट्टी क्रमांक चाळीस, डाव्या दाराची काच. आज शनिवारी सकाळी एकेचाळिसावी लागली होती.

"झाली का पूजा?" शैलजाबाईंनी दारातल्या खुर्चीवरून विचारलं. त्यांचा डावा हात उशीवर ठेवलेला होता.

"आता आवाज यायला नको."

"हे तुम्ही दहाव्या पट्टीलाही म्हणाला होतात. तेव्हा दोन आवाज होते. आता किती आहेत?"

सरांनी वही मिटली. आवाज आता नऊ होते. जितक्या पट्ट्या लावाव्यात तितके ते वाढत होते, आणि हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं.

शैलजाबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन वेळा सोलापूरला जाऊन रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागे. जाताना सत्तर किलोमीटर, येताना सत्तर. चार तास यंत्राला जोडून राहिल्यावर परतीच्या वाटेवर त्यांचं डोकं असं ठणकायचं की बारीक आवाजही कानात सुईसारखा शिरायचा. भाड्याची गाडी दोनदा करून पाहिली. तिच्या वासाने दोन्ही वेळा उलट्या झाल्या.

"सोमवारपासून मी येणार नाही," असं त्या गुरुवारी म्हणाल्या होत्या. आवाज चढवून नाही. भाजी काय करायची ते सांगावं तसं.

"दोन आठवडे गेलो नाही तर काय होईल, माहीत आहे ना?"

"डॉक्टरांनी मलाही सांगितलंय. मी दमले आहे, अहो."

म्हणून सरांनी रुक्सानाला फोन केला होता. डॉ. रुक्साना तांबोळी त्यांची जुनी विद्यार्थिनी. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती मोटारींचे ध्वनिशामक तयार करायची. हल्ली प्रत्येक गाडीत असतो तो, आतला आवाज गिळणारा यंत्रसंच.

ती दुपारी आली. चहा नको म्हणाली आणि थेट गाडीत जाऊन बसली. तिने प्रत्येक झाकण, प्रत्येक कडी दाबून पाहिली.

"सर, काम एकदम स्वच्छ आहे. काहीच हलत नाहीये."

"मग वाजतं काय?"

"तेच बघू. काकू, याल का? पाचच मिनिटं."

"पाच मिनिटं म्हणजे मास्तरांच्या शिष्येची पाच मिनिटं ना?" असं म्हणत शैलजाबाई उशी घेऊन उठल्या आणि चालकाच्या शेजारी, नेहमीच्या जागी बसल्या. गाडी वळणरस्त्याला लागली. पहिल्याच खड्ड्यावर नऊही आवाज जागे झाले. शैलजाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बकलमागची टकटक ऐकू येतेय ना?" मागच्या सीटवरून रुक्साना म्हणाली. "सर, गाडी थांबवा. तेवीस नंबरची पट्टी मी काढते."

"काढतेस? अगं, ते झाकण सगळ्यांत सैल आहे."

"काढून बघू."

पट्टी निघाली. तिने बोट लावलं तर झाकण खुळखुळलं. गाडी पुन्हा त्याच खड्ड्यावरून गेली आणि टकटक गेली होती. उरलेले आठ आवाज तसेच होते. सरांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

"झाकण सैल केलं तर आवाज बंद होतो," ते हळूच म्हणाले. "हे उलटं आहे."

"आठवीत तुम्ही आम्हाला शाळेच्या झोक्याजवळ नेलं होतंत. आठवतंय? मी झोका पुढे ढकलायचा आणि वर्गातल्या हसीनाने समोरून तेवढ्याच जोराने, त्याच क्षणी उलटा ढकलायचा. झोका जागच्या जागी."

"समान आणि विरुद्ध."

"ध्वनिशामक तेच करतो. आवाज म्हणजे हवेला बसलेला धक्का. चाकांजवळचे कंपवेधक खड्डा ओळखतात. या खड्ड्यावर बकल कसं वाजेल ते शामकाला अनुभवाने पाठ झालेलं असतं. बकल वाजतं त्याच क्षणी तो भोंग्यातून उलट धक्का देतो. त्याला आम्ही उलटनाद म्हणतो. दोन्ही मिळून शून्य. ही गाडी अकरा वर्षं खडखडत असणार, सर. तुम्हाला कधी कळलंच नाही."

शैलजाबाईंनी डोळे उघडले. "आणि ह्यांनी पट्टी लावली की?"

"की बकल गप्प झालं. पण शामक ढकलतोच आहे. समोर ढकलणारं कुणी नाही, मग झोका हलणारच. तुम्ही ऐकताय तो उलटनाद. धक्का पुढून आला की मागून, कानाला फरक कळत नाही. तीच टकटक वाटते."

"म्हणजे सगळे आवाज मीच तयार केले," सर म्हणाले. "एकेक करून. वहीत नोंदवून."

"मास्तर ते मास्तरच," शैलजाबाई म्हणाल्या. पण त्यांचा हात सरांच्या खांद्यावर होता.

"शामक बंदच करून टाकू," सर म्हणाले. रुक्सानाने करून दाखवलं. बंद करताच रस्त्याची घरघर अशी आत घुसली की शैलजाबाईंनी कान झाकले. तिने तो लगेच चालू केला.

"खरा प्रश्न वेगळा आहे. शामकाला कान असतो, श्रवणिका. शामकाचं गणित चुकलं की तिला ऐकू येतं आणि तो जुना धडा पुसतो. चार-पाच किलोमीटरांत तुमची प्रत्येक पट्टी त्याला कळायला हवी होती. तो ऐकतच नाहीये. या मॉडेलची श्रवणिका छतात असते. आरशाच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढं भोक."

सरांनी वर पाहिलं. तिथे करड्या रंगाचं गुळगुळीत कापड होतं.

"छताचं कापड लोंबायला लागलं होतं," ते म्हणाले. "जानेवारीत. सोलापूरच्या खेपा सुरू होणार म्हणून मी घरीच नवीन चिकटवलं. आत फोम घालून. हिच्या डोक्याला लागू नये म्हणून."

 मग रुक्सानाने पर्समधून नखं कापायची छोटी कात्री काढली, आरशाच्या वर कापड चाचपलं आणि एक बारीक भोक पाडून आतला फोम टोकरून काढला. तेवीस नंबरची पट्टी परत जागेवर बसवली.

"आता चालवा. सावकाश."

पहिला किलोमीटर काहीच फरक पडला नाही. दुसऱ्यात दाराच्या काचेची करकर फिकी झाली आणि विरली. मग डॅशबोर्डच्या कप्प्याची कुरकुर गेली, बकलची टकटक गेली. सर प्रत्येक आवाज जाताना त्याचा पट्टी क्रमांक पुटपुटत होते. पाचव्या किलोमीटरला एकच आवाज उरला. बाकीच्यांच्या गोंधळात तो नीट ऐकू येत नसे. आता स्वच्छ येत होता. किणकिण.

"हा तर सगळ्यांत पहिला आवाज," सर म्हणाले. "मार्चमध्ये हाच सुरू झाला. याच्यासाठीच पहिली पट्टी लावली. पण हा कुठून येतो ते मला कधीच सापडलं नाही."

रुक्सानाने पुढे वाकून कान दिला. "हा गाडीच्या कुठल्या भागाचा नाही. गाडीचे भाग दर वेळी सारखेच वाजतात, म्हणून लवकर विसरले जातात. हा दर खड्ड्याला थोडा वेगळा आहे. काचेचा आहे. डाव्या दाराकडचा. मार्चमध्ये गाडीतून काही काढलं होतंत का?"

सर आठवू लागले. शैलजाबाईंना आठवावं लागलं नाही. त्यांचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला होता, जिथे आता यंत्रासाठी रक्तवाहिन्या जोडल्याची जाड शीर फुगलेली होती. त्या हातात पुन्हा काही घालायचं नाही, असं शस्त्रक्रियेच्या दिवशी मार्चमध्ये नर्सने बजावलं होतं आणि सहाच्या सहा हिरव्या बांगड्या साबण लावून उतरवल्या होत्या. अकरा वर्षं तो हात या दाराच्या दांडीवर टेकलेला असे.

गाडी गतिरोधकावरून गेली. किणकिण झाली, पण आधीपेक्षा हलकी.

"हाही विसरला जातोय," रुक्साना म्हणाली. "आणखी दोन किलोमीटर. मग तुमची गाडी अगदी शांत, काकू."

"थांबवा," शैलजाबाई म्हणाल्या.

सरांनी गाडी थांबवली. "डोकं दुखतंय का?"

"नाही. रुक्साना, ते भोक बुजवलं तर हा एवढा राहील?"

"राहील. जसा आहे तसा. पण मग पुढे नवीन काही वाजायला लागलं, तर गाडीला कळणार नाही."

"ह्यांना कळेल. वही आहे, फेल्ट आहे. वेळही भरपूर आहे."

त्यांनी सरांपुढे हात पसरला. सरांनी खिशातून पट्टीचा तुकडा काढला आणि मागचा कागद सोलून त्यांच्या उजव्या तळव्यावर ठेवला. शैलजाबाईंनी तो स्वतः आरशाच्या वर, भोकावर दाबून लावला. अंगठा बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"बेचाळीस," सर म्हणाले.

घराच्या वळणावर खड्डा आला. उशीवरचा रिकामा हात जागचा हलला नाही, आणि दाराशी बांगड्या वाजल्या.

"सोमवारी सहाला निघायचं ना?" शैलजाबाईंनी विचारलं. "मग उद्याच गाडी चार्जिंगला लावून ठेवा. दर वेळी आयत्या वेळी धावपळ करता."