जहाजाचा तास

ही १९८८ सालची गोष्ट. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते आणि एका पर्यटन जहाज कंपनीच्या खाजगी बेटावर स्वयंपाकघर सांभाळत होते. नासाऊच्या उत्तरेला, बेरी बेटांच्या टोकाला असलेल्या त्या एवढ्याशा बेटाला कंपनीनं साखरेसारखं गोड नाव दिलं होतं. आम्ही मात्र त्याला कासवबेटच म्हणायचो.

आम्ही चाळीसजण तिथंच राहायचो, किनाऱ्यावरून दिसू नयेत अशा बेतानं झाडांमागे बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांत. जहाज आलं की दोन हजार माणसं वाळूवर उतरायची. फुलाफुलांचे सदरे घालून आम्ही कोंबडी भाजायचो आणि हसायचो. जहाज गेलं की पानाआड खेकडा सरकला तरी ऐकू यायचं.

जहाज येईल त्या दिवशी बेटावर वेळही जहाजाची पाळायची, अशी कंपनीची शिस्त होती. मायामीची जहाजं आमच्याच वेळेनं चालत. गुरुवारचं जहाज मात्र सॅन हुआनहून यायचं आणि हिवाळ्यात त्याचं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर पुढे असायचं. म्हणून बुधवारी झोपताना सगळ्यांनी घड्याळं तासभर पुढे करायची आणि गुरुवारी जहाज गेलं की पुन्हा मागे घ्यायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं घड्याळ फिरवणं माझ्याकडे होतं.

माझा धाकटा भाऊ गार्नेटही तिथंच होता. दर गुरुवारी सकाळी तो उत्तरेच्या वाळूच्या दांड्यावर शंख गोळा करायचा. दुपारी पाहुण्यांसमोर ते फोडून, आतलं मांस चिरून, त्यावर लिंबू पिळून द्यायचा आणि त्यांना पोट धरून हसवायचा. त्याला पोहता येत नव्हतं. आमच्याकडच्या पुष्कळ मच्छीमारांना येत नाही. धोबीखान्यातल्या इस्मेशी त्याचं ईस्टरला लग्न ठरलं होतं.

फेब्रुवारीतला तो गुरुवार. ओहोटी पुरती लागली होती आणि दांडा कोरडा पडला होता. जहाजाच्या नऊ वाजता मी गार्नेटला छोट्या होडीनं तिथं सोडलं.

"अकराला ये हं, बाईसाहेब. गप्पा मारत बसलीस तर मी बुडालोच."

"बूड की! इस्मेला तुझ्याहून बरा नवरा मिळेल."

"मिळेल, पण त्याला तुझ्या हातचं खावं लागेल. पळून जाईल बिचारा!"

तो पिवळी बादली हलवत चालू लागला. माझ्या भावाशी मी बोलले ते एवढंच शेवटचं.

साडेनऊला आमचे व्यवस्थापक, लुंडेसाहेब, स्वयंपाकघराच्या दारात आले. जहाजावर कुणीतरी अत्यवस्थ होतं, जहाज परस्पर नासाऊला वळलं होतं. "आज येत नाही. घड्याळं मागे घ्या," ते म्हणाले. मी स्टुलावर चढून काटा फिरवला, मनगटावरचंही घड्याळ मागे घेतलं. साडेनवाचे साडेआठ झाले. सगळ्यांना अचानक सुट्टी मिळाली होती. मी जॉनीकेक नावाचे आमचे गोडसर पाव भाजले, डोमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटू लागल्या. मध्येच मला गार्नेटची आठवण झाली तेव्हा भिंतीवर दहाला वीस कमी होते. बराच वेळ आहे, म्हटलं. त्याचं घड्याळ कोण मागे करणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बरोबर अकराला, त्याच्या घड्याळातल्या बाराला, मी दांड्यापाशी पोचले. दांडा नव्हता. हिरवं पाणी खाडीच्या तोंडातून जोरात आत येत होतं आणि पिवळी बादली त्यात गोल गोल फिरत होती.

तीन दिवस होड्या हिंडल्या. तो सापडला नाही.

त्याच संध्याकाळी धक्क्यावर इस्मेनं मला विचारलं, "किती वाजता बोलावलं होतं त्यानं?"

"बाराला," मी म्हणाले.

"जहाजाच्या बाराला?"

"हो. मी वेळेवर गेले, इस्मे. भरतीचा अंदाज त्याचाच चुकला."

वयाच्या सहाव्या वर्षापासून भरती ओळखणारा माझा भाऊ! पण सगळ्यांनी ते मानलं. पोराला शंखांचा लोभ सुटला असेल, असं लोक बोलू लागले आणि मी ते बोलू दिलं. लुंडेसाहेबांनी मात्र हुकूम काढला, की यापुढे कामगारांनी घड्याळं पुढेमागे करायची नाहीत. बेटावर कायम बेटाचीच वेळ.

दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी एक म्हातारा पाहुणा हातात ताटली घेऊन माझ्या शेगडीशी थांबला.

"तिकडे पाण्यात एक माणूस उभा आहे. त्याला आणायला कुणी जाणार आहे ना?"

मी उत्तरेकडे पाहिलं. सपाट पाणी. त्यावर एक पक्षीसुद्धा नव्हता.

पुढच्या गुरुवारी एक बाई म्हणाली, "पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलंय हो. सारखा घड्याळ बघतोय बिचारा."

क्लिओफस किनाऱ्यावर जीवरक्षक होता. त्यालाही तीन-चारजणांनी तेच सांगितलं. त्यानं दुर्बीण लावली, ती नवऱ्यासोबत आलेल्या एका बाईच्या हातात दिली, परत स्वतः लावली. तिला दिसत होतं. त्याला दिसत नव्हतं.

"मिस यूला," जेवताना तो हळूच म्हणाला, "सोमवारी मायामीवाले दीड हजार उतरले. एकानं विचारलं नाही. हे फक्त गुरुवारवाल्यांनाच दिसतं."

"ऊन लागतं त्यांना. रमही फुकट असते."

"त्यांच्या मनगटावर वेगळी वेळ असते," तो म्हणाला.

शेजारच्या टेबलावर इस्मे टॉवेलच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

पुढच्या गुरुवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली. माझ्यासमोर तिनं स्वतःच्या घड्याळाचा काटा तासभर पुढे केला.

"चल माझ्याबरोबर. तूही कर."

"माझी कोंबडी जळेल," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि ती एकटीच छोट्या होडीकडे गेली.

मी शेगडी सोडून किनाऱ्यावर आलेच. दांड्यापाशी पोचून इस्मेनं होडीचं मशीन बंद केलं. उभी राहिली. रिकाम्या पाण्यावर तिनं हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

माझ्या पाठीमागे कुणी पाहुणी बाई म्हणाली, "चला, आलं बाई कुणीतरी त्याला न्यायला."

बऱ्याच वेळानं होडी परत आली. होडीत इस्मे एकटीच होती.

"तो बसत नाही," ती म्हणाली.

मी होडीचा दोर धरला.

"म्हणतो, यूला येणार आहे. अकराला."

लाट आली, आमच्या पायांवरून गेली.

"तू मला बारा सांगितलंस."

तिनं एवढंच म्हटलं. आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी रसद घेऊन आलेल्या बोटीनं ती निघून गेली.

एप्रिलमध्ये आमच्याकडे उन्हाळी वेळ लागून दोन्ही घड्याळं एक होईपर्यंत आणखी तीन गुरुवार आले. तीनही बुधवारी मी घड्याळाची किल्ली चिमटीत धरून पलंगावर बसून राहिले. फिरवायला कितीसा वेळ लागतो? मी ती फिरवली नाही. गार्नेटची भीती वाटत होती असं नाही. त्यानं "उशीर का झाला गं?" असं हसत विचारलं असतं, त्याची वाटत होती.

मे महिन्यात मी नोकरी सोडली. लुंडेसाहेब नॉर्वेला परत गेले आणि तिथं त्यांनी सफरचंदांची बाग केली, असं कळलं. क्लिओफस फ्रीपोर्टला पाद्री झाला; दर नाताळला त्याचं पत्र येतं, पण त्यात बेटाचं नाव नसतं. इस्मेनं नासाऊत एका बसचालकाशी लग्न केलं. तिला तीन मुलं झाली. सहा वर्षांपूर्वी ती वारली. मी चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसले होते. तिच्या मुलांपैकी कुणी मला ओळखलं नाही.

मी कॅट आयलंडला आईच्या दगडी घरात राहते. सत्तरी आली आहे, गुडघे चालत नाहीत. माझी नात केन्रिस गेल्या वर्षापासून त्याच बेटावर कामाला लागली. तिला मी काही सांगितलेलं नाही. दर रविवारी तिचा फोन येतो. जानेवारीत ती हसत म्हणाली, "आजी, गुरुवारच्या जहाजाची माणसं वेडी आहेत बघ. तिकडे पाण्यात कुणी म्हातारा उभा आहे म्हणतात."

"म्हातारा?"

"हो ना! सगळे तेच सांगतात. दाढी पांढरीशुभ्र. डोळ्यांवर हाताची सावली धरून किनाऱ्यावरच्या एकेका बाईकडे निरखून बघतो म्हणे, कुणाचा तरी चेहरा विसरल्यासारखा."